आवाज लावू नये

१

हैदराबादेत अंबरपेठच्या गल्लीत भाड्याची कॅरव्हॅन येऊन उभी राहिली तेव्हा निम्मी गल्ली बघायला बाहेर आली. आत पलंग, ओटा, बेसिन, पाण्याची टाकी, एवढंच काय, कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा होती. रेणुकाच्या सासूबाईंनी, विमलाबाईंनी, सगळं फिरून पाहिलं, शेगडी पेटवून खात्री केली आणि म्हणाल्या, "घर चांगलंय. फक्त एका जागी बसायचं नाव नै त्याला."

रेणुका हसली. म्हणजे हसायची जागा आली म्हणून हसली. हल्ली तिचं बरंच काही असंच चालत असे. आबिड्सच्या पोस्टात काउंटरवर बसून लोकांना सुट्टे पैसे परत करताना ती जशी मान हलवायची, तशीच घरीही हलवायची.

तिचा नवरा धम्मदीप आधीच गाडीत जाऊन बसला होता, कारण त्याला बस म्हटलं होतं. सामान भरून होईपर्यंत तो तसाच बसून राहिला, मांडीवर हात, नजर समोरच्या काचेवर. शेजारच्या बाईंनी "कसं काय भैया, बरं वाटायलंय का?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "ठीक."

गेल्या वर्षी त्याला मेंदूज्वर झाला होता. कितीतरी दिवस तो दवाखान्यात बेशुद्ध होता, मग शुद्धीवर आला, मग घरी आला. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आहेत. रिपोर्ट खरंच नॉर्मल होते, माणूस तेवढा आला नव्हता. जेव म्हटलं की जेवायचा, पुरे म्हटलं की थांबायचा. सांगितल्याशिवाय काही करायचा नाही. एकदा रेणुका त्याला न्हाणीत उभा करून दारावर कोण आलंय ते बघायला गेली आणि बोलत राहिली. परत आली तेव्हा बादलीतलं पाणी गार झालं होतं आणि हा भिंतीकडे तोंड करून तसाच उभा होता.

आधी ती रडायची. मग चिडायची. मग दोन्ही आपोआप बंद झालं आणि त्याचं तिला वाईटही वाटेना. या सहलीनं तिचा नवरा परत यावा, एवढीच तिची इच्छा होती, आणि इच्छा आहे हेसुद्धा ती स्वतःला आठवण करून द्यायची.

"बाई, त्याला बोलता करून आण," विमलाबाई खिडकीशी येऊन हळूच म्हणाल्या. "मी आई म्हणून ऐकायला तरसलेय."

२

आजारी पडण्यापूर्वी धम्मदीप पाखरांचे आवाज गोळा करायचा. लोक फोटो काढतात, हा आवाज घ्यायचा. दर रविवारी पहाटे अमीनपूरच्या तलावावर नाहीतर आणखी कुठं, खांद्याला यंत्र, हातात झिपऱ्या कुत्र्यासारखा केसाळ माईक. त्याच्या बरोबर रेणुका जायची, डब्यात धपाटे घेऊन. आवाज घ्यायच्या आधी बोलून ठेवायची पद्धत असते: कोण, कुठं, कधी, हवा कशी. नंतर ऐकणाऱ्याला कळावं म्हणून. तो ते मोठ्या रुबाबात बोलायचा आणि तिला हसू आवरायचं नाही.

एक गोष्ट मात्र तो कधी करायचा नाही. झाडीत लपलेलं पाखरू बाहेर काढायला काही लोक त्याच्याच जातीचा आवाज मोबाइलवर लावतात. पाखरू धावत येतं, लोकांना फोटो मिळतो. धम्मदीपला त्याचा भयंकर राग. "आवाज लावू नये," तो म्हणायचा. "लोकांला वाटतं पाखरू भेटायला आलं. ते भांडायला येतं, रेणू. आपल्या जागी कोण घुसला ते बघायला येतं. आणि कमजोर असलं तर जागा सोडून चाललं जातं."

कोत्तरेवूचं नाव त्यानंच तिला सांगितलेलं. आंध्रच्या किनाऱ्यावरचं लहानसं गाव. मोठं बंदर दुसरीकडे झालं तसे मासेमार तिकडं गेले. मागं उरल्या काही म्हाताऱ्या, पालथ्या घातलेल्या होड्या आणि थंडीत उतरणारी पाखरं. तिथं एकदा गाडी घेऊन राहायचं, असं दोघांचं ठरलेलं होतं.

म्हणून ती आली. विजयवाडा रस्त्यानं तिनंच गाडी हाकली, तो शेजारी बसला. गावाबाहेर सुरूच्या बनात भाग्यलक्ष्मी नावाच्या बाईची चहाची टपरी होती. तिनं बोअरचं पाणी दिलं आणि टपरीमागं गाडी लावू दिली. समोर किनारा, मग पायाचा घोटा भिजेल एवढ्या पाण्याचा पट्टा, आणि त्यापलीकडं वाळूचा लांब दांडा, त्यावर पाखरंच पाखरं.

"ओहोटीला जा, खुशाल जा," भाग्यलक्ष्मी तेलुगूत म्हणाली. "पण पाणी फिरलं की तिथं थांबू नका. मधल्या पट्ट्याला फार ओढ आहे. आमचे लोकसुद्धा पोहत नाहीत. आणि भरतीला तो दांडा राहतच नाही."

पुढचे दिवस एकसारखे गेले. रेणुका त्याला किनाऱ्यावर उभा करायची, गळ्यात दुर्बीण घालायची. बघ म्हटलं की तो दुर्बीण डोळ्याला लावायचा. काय दिसतंय म्हटलं की म्हणायचा, "पाखरं." समोर शेकडो कुरव, ते पांढरे समुद्रपक्षी, वाऱ्याकडं तोंड करून उभे असायचे, चिमुकल्या चिखल्यांचे थवे पाण्याच्या कडेनं तुरुतुरु पळायचे. तिला ते सुंदर आहे हे कळायचं. वाटायचं काही नाही.

३

ती आवाज लावायची कल्पना तिला एका दुपारी आली. नीट सांगायचं तर कल्पना आधीपासूनच होती, नाहीतर तिनं ते यंत्र आणि छोटा स्पीकर पिशवीत कशाला टाकला असता.

धम्मदीप आतल्या बाकावर बसला होता. तिनं स्पीकर ओट्यावर ठेवला आणि बटण दाबलं.

"धम्मदीप. अमीनपूर तलाव. सकाळ, ढगाळ, वारा नै. टिटवी. मागून जी हसायलीय ती टिटवी नै, ती माझी बायको रेणुका. तिला गप बसवायची कोशिश चालू आहे."

मग तिचं स्वतःचं हसू ऐकू आलं, आणि मग टिटवी.

तिच्या छातीत काहीतरी हललं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो दुसऱ्याच्या घरातला रेडिओ ऐकावा तसा बसला होता.

"दीप, कोण बोलायलंय सांग."

"माणूस."

तिनं पुढचं लावलं, मग त्याच्या पुढचं. दर वेळी तोच रुबाब, तीच मस्करी, आणि शेवटी कुठलंतरी पाखरू. ते पाखरू आलं की ती लगेच पुढचं लावायची. तिला पाखराशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं आवाज मोठा केला. दार उघडं होतं, स्पीकरचं तोंड समुद्राकडं होतं. बराच वेळ तिनं तेच केलं. मग तिच्या लक्षात आलं की बाहेर एकही पाखरू ओरडत नाहीये.

आणि धम्मदीप बाकावर सरकला. न सांगता. वर्षभरात पहिल्यांदाच त्यानं आपणहून काही केलं होतं. तो बाकाच्या कडेला, पार भिंतीला चिकटून बसला. बसमध्ये कोणी चढलं की आपण जागा करून देतो ना, तसा. आणि मोकळ्या जागेकडं न बघता त्यानं खाली मान घातली.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"ठीक," तो म्हणाला.

४

त्या कॅरव्हॅनची एक खोड होती. पायरीवर कुणी पाय दिला की गाडी त्या अंगाला किंचित दबायची. स्प्रिंगाच तशा आहेत, असं भाड्यानं देणाऱ्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी दचकायला झालं, मग सवय झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेणुका पलंगावर आडवी पडली होती. खिडकीतून तिला धम्मदीप दिसत होता, सुरूच्या सावलीत खुर्चीवर बसवलेला, पाठमोरा. गाडी दाराच्या अंगाला दबली. मग हळूच सरळ झाली, कुणी आत येऊन मधोमध उभं राहिल्यावर होते तशी.

ती उठली नाही. वारा असेल, तिनं विचार केला. वारा नव्हता. मग चाकाखालची वाळू सरकली असेल. ही शक्यता तिला पटली, कारण ती पटवून घेण्यासारखी होती. तिचे सासरे नागोराव नांदेडहून हैदराबादला आले तेव्हाच नवस, अंगारे, उतारे सगळं मागं सोडून आले होते. त्या घरात कुणाला भूत दिसलं असतं तर आधी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं असतं. रेणुकाही त्याच वळणाची. वाळू सरकली, असं म्हणून तिनं कूस बदलली.

संध्याकाळी टपरीवर गेली तर भाग्यलक्ष्मी खुशीत होती. "तुमचे ते किती बोलतात हो," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी मला वाटलं मुके आहेत. आज येऊन चहा घेऊन गेले, मला हसवून हसवून दमवलं. तेलुगू मात्र अगदी हैदराबादची."

"कधी?"

"दुपारी. तुम्ही झोपल्या होता म्हणाले. फोन मागितला, आईला लावला."

तेवढ्यात रेणुकाच्या स्वतःच्या फोनवर विमलाबाई आल्या.

"जयभीम, आई."

"जयभीम, जयभीम." म्हातारी रडत होती आणि हसतही होती. "पोरी, त्यानं फोन केलता गं. कुठल्यातरी नव्या नंबरवरून. इतकं बोलला, इतकं बोलला. माझ्या गुडघ्याचं विचारलं. बाबांची आठवण काढली. म्हणला, आई, येतो दोन दिवसांत, वांग्याचं भरीत करून ठेव. माझा लेक आला गं. आता त्याला जप. परत तसा नको होऊ देऊ त्याला."

"हौ, आई."

"दे की त्याला जरा."

रेणुकानं मागं पाहिलं. धम्मदीप खुर्चीत तसाच होता. तिनं दुपारी त्याच्या मांडीवर ठेवलेलं केळं तसंच मांडीवर होतं, कारण खा म्हणायला ती विसरली होती.

"झोपलाय, आई," ती म्हणाली.

५

आपणच वेडे होतोय का, हा विचार तिनं शांतपणे करून पाहिला. पोस्टात एखाद्याची सही जुळत नसली की कागद उजेडात धरून बघतात, तसा. विमलाबाई वेड्या नव्हत्या. भाग्यलक्ष्मी वेडी नव्हती. मग तो खरंच उठून गेला असेल, बोलला असेल, आणि परत येऊन बसला असेल. मेंदूचं काही सांगता येत नाही. हे स्पष्टीकरण चांगलं होतं. त्यात फक्त केळं बसत नव्हतं.

सकाळी ती धम्मदीपची दाढी करत होती. गालाला साबण, हनुवटी वर, डोळे मिटलेले. यंत्र कपाटात होतं, बंद. गाडीच्या पलीकडून, टपरीच्या अंगानं, कोणीतरी खाकरून गळा साफ केला.

"धम्मदीप. कोत्तरेवू. सकाळ. हवा स्वच्छ."

मग थोडं थांबून, हसू दाबल्यासारखा तोच आवाज: "मागं काही आवाज नै. बायको गप आहे."

वस्तरा तिच्या हातात थांबला. साबणाखालचे ओठ मिटलेले होते, तिनं नीट पाहिलं. ते हलले नव्हते. पण त्याचे डोळे उघडले होते आणि तो तिच्याकडं बघत होता. नुसतं तोंड समोर होतं म्हणून नव्हे. तिलाच बघत होता. त्या नजरेत एक विचारणा होती. ती तिला समजली आणि समजली नाही असं तिनं ठरवलं.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद. इतक्या महिन्यांनी काहीतरी वाटलं होतं, म्हणून तिनं तो तसाच राहू दिला. नवऱ्याचा दुसरा गाल पुसला, टॉवेल झटकला आणि म्हणाली, "चल, आज पलीकडं दांड्यावर जाऊ."

६

ओहोटी होती. दोघं पट्ट्यातून चालत गेले, तिनं त्याचा हात धरला होता. पाणी गार होतं. दांड्यावरचे कुरव थोडे बाजूला झाले, पण उडाले नाहीत. तिनं त्याला मधोमध उभा केला, करडं जॅकेट बंद केलं, गळ्यात दुर्बीण घातली.

"इथंच थांब," ती म्हणाली. "मी चहा घेऊन येते."

"ठीक."

ती खरंच चहा आणायलाच निघाली होती. थर्मास गाडीत राहिला होता, हे खरं होतं. पट्टा ओलांडताना पाणी मघापेक्षा वर आलं होतं, पोटऱ्यांना ओढ लागत होती, हेही तिच्या लक्षात आलं.

गाडीच्या दारातच चहाचा वास आला. आलं टाकलेला. ओट्याशी तो पाठमोरा उभा होता, पलंगावरची चादर घडी घातलेली, तिनं धुऊन ठेवलेले कपडे दोरीवर.

"किती वेळ, रेणू," तो म्हणाला. "म्हटलं गेली कुठं. साखर कमीच टाकलीय, नंतर परेशान करू नको."

तिनं वर पाहिलं नाही. त्यानं कप पुढं केला तेव्हा तिला फक्त हात दिसला. केसाळ, उन्हानं रापलेला, ओळखीचा. दवाखान्यातून आल्यापासून धम्मदीपच्या मनगटावर सुयांचे काळे डाग होते, रोज आंघोळीला तिच्या बोटांखाली यायचे. या मनगटावर काही नव्हतं. आजार झालाच नव्हता असा हात होता तो.

तिनं कप घेतला. चहा नेहमीसारखा होता. म्हणजे त्याच्या नेहमीसारखा, जुन्या.

दारात तिनं पहिल्या दिवशीच तिपाईवर मोठी दुर्बीण लावून ठेवली होती. तिनं डोळा लावला. आधी नुसती चमक, मग वाळू, मग पाखरं. वारा समुद्राकडून होता, तरी कुरवांचे सगळे थवे पाठ फिरवून किनाऱ्याकडं, गाडीकडं तोंड करून उभे होते. एकही हलत नव्हता. त्यांच्यामध्ये करडं जॅकेट. दांडा निम्मा उरला होता आणि पाणी त्याच्या घोट्याशी आलं होतं. तो सांगितल्या जागी उभा होता. त्यानं हात वर केला नाही, हाक मारली नाही. पण दुर्बीण आपणहून डोळ्याला लावली होती आणि ती सरळ हिच्याकडं रोखलेली होती.

गाडीचा हॉर्न मोठा होता, दांड्यापर्यंत ऐकू गेला असता. टपरीजवळ एक म्हातारा होडीला डांबर लावत बसला होता. नुसतं "ये" म्हणून ओरडलं असतं तरी तो आला असता. मधल्या पट्ट्यात पाणी अजून मांडीपर्यंतच असेल. तिला हे सगळं एकदम आणि स्वच्छ दिसलं.

"काय दिसायलंय?" तो मागून म्हणाला. त्याची हनुवटी तिच्या खांद्यावर टेकली, गार आणि गुळगुळीत. "बघू दे की."

"कुरव," ती म्हणाली, आणि दुर्बिणीला टोपण लावलं.

मग दोघांनी आवरलं. ती भराभर आवरत होती आणि तो बोलत होता. घरी गेल्यावर हे करू, पुढच्या रविवारी तिकडं जाऊ, आईच्या गुडघ्याला बरकतपुऱ्याच्या डॉक्टरला दाखवू. बोलता बोलता त्यानं एकदाही समुद्राकडं मान वळवली नाही. भाग्यलक्ष्मी निरोपाला टपरीतून आली तर त्यानं तिलाही हसवलं. रेणुका स्टिअरिंगवर बसली. आतून पुन्हा सगळं बधिर झालं होतं आणि या वेळी तिला त्याचं बरंच वाटलं.

गाडी सुरूच्या बनातून बाहेर पडली. बाजूच्या आरशात किनाऱ्याचा तुकडा दिसत होता, तिनं तो आरसा आत वळवून घेतला.

"मागं काही राहिलं नै ना?" त्यानं विचारलं.

"नै," रेणुका म्हणाली.